चिमूटभर सोडा

कृष्णाकाठच्या एका गावात बयाक्का नावाची सुईण राहत होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्माला आली होती. कुणाच्याही घरचं बोलावणं आलं की ती हातातलं काम टाकून निघायची. ऊन असो, पाऊस असो, नाहीतर समोर ताट वाढलेलं असो.

अडलेल्या बाईजवळ बसली की तिचं पहिलं बोलणं ठरलेलं असे. "हे बघ पोरी, माझ्यापाशी काय दडवू नगंस. कुठं दुखतंय, कवापास्नं दुखतंय, समदं सांग." मग ती डोळे मिटून ऐकायची. ऐकता ऐकता अर्धं निदान करून मोकळी व्हायची.

स्वतःचं दुखणं मात्र ती आठ वर्षं दडवत आली होती.

सुरुवात साधीच झाली होती. एका बारशाच्या जेवणात तिनं झणझणीत रस्सा पोटभर ओरपला. घरी येऊन आडवी झाली, तर छातीत आग पेटल्यासारखं झालं. आंबट पाणी घशापर्यंत आलं. शेजारणीनं पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून दिला. मोठी ढेकर आली आणि घटकेत बरं वाटलं. बयाक्काला वाटलं, औषध सापडलं.

पहिल्यांदा महिन्यातून एकदा सोडा लागायचा. मग आठवड्यातून एकदा. मग रोज. पुढं पुढं ती सोड्याची पुडी कनवटीलाच बांधून फिरू लागली.

तिचं जगणंच तसं होतं. बाळंतपणाच्या घरी अर्धा अर्धा दिवस जायचा. तेवढ्यात पोटात जायचा तो फक्त कोरा चहा. आणि मशेरी. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दिवसातून पाच वेळा हिरड्यांवर फिरवली नाही तर बयाक्काचं डोकं चालत नसे. मूल झालं की घर आनंदानं भरून जायचं. मग तिच्यापुढं शिगोशीग ताट यायचं. "अक्का, अजून एक भाकरी. अक्का, रस्सा घ्या की." नाही म्हणायची तिला भीड वाटे, आणि भूकही कडकडून लागलेली असे. जेवून ती तिथंच वाकळेवर अंग टाकायची. थोड्या वेळानं छातीतली आग वर चढू लागायची.

अलीकडं तर सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असे. आडवं झालं की कोरडा खोकला येई. दोन वर्षं ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपत होती.

सून शेवंता हे सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, सोडा परत संपला. आन म्या तर महिनाभर भजी केली न्हाईत."

"मुंग्या झाल्या हुत्या. टाकून दिला," बयाक्का म्हणाली.

सोड्याला मुंग्या लागत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बयाक्का खोटं बोलली ती हट्टानं नव्हे, भीतीनं. तिच्या थोरल्या बहिणीला घास गिळताना अडकायचा. ती तालुक्याला दाखवायला गेली आणि दोन महिन्यांत संपली. आता बयाक्कालाही कोरडी भाकरी गिळताना छातीच्या मध्यावर अडकल्यासारखं होऊ लागलं होतं. ती भाकरी आमटीत कुस्करून खायची. आपल्यालाही तेच झालं असेल, तर त्याचं नाव ऐकायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी चौगुल्यांची धाकटी सून रत्ना गरोदर होती. आठवा महिना सरत आला होता. एका सकाळी बयाक्का तिला बघायला गेली.

"बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय की," रत्ना म्हणाली.

पण तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तोंड सुजलं होतं. बयाक्कानं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"डोकं दुखतंय का?"

रत्ना खाली बघू लागली.

"डोळ्यांम्होरं काय दिसतंय?"

"काजवं चमकत्यात," रत्ना हळूच म्हणाली. "आठ दिस झालं."

हे लक्षण बयाक्कानं आयुष्यात तीनदा पाहिलं होतं, आणि त्यातल्या दोघी वाचल्या नव्हत्या. ती कडाडली, "आठ दिस! आन तू बोलली न्हाईस? कुणी शिकवलं तुला असं गप बसायला?"

रत्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तुमीच की, अक्का. थोरल्या जावंच्या बाळंतपणात तुमी छाती दाबून भिताडाला टेकला हुता. म्या इचारलं, काय हुतंय. तुमी म्हणाला, बाईमाणसाला असं व्हायचंच, त्यात सांगायचं काय. मला वाटलं, माझं बी तसंच असंल."

बयाक्काला बोलत बसायला वेळ नव्हता. तिनं चौगुल्यांच्या माणसांना हाक मारली. सरपंचांची जीप आली. रत्नाला घेऊन बयाक्का तालुक्याच्या दवाखान्यात पोचली. वाटभर ती पोरीचा हात धरून बसली होती आणि तिच्या कानात तेच शब्द घुमत होते. तुमीच की, अक्का.

दवाखान्यात डॉक्टर मुजावरबाई होत्या. त्यांनी रत्नाला लगेच आत घेतलं. संध्याकाळच्या आत ऑपरेशन करून मुलगी झाली. मुलगी चणीनं लहान होती, पण आवाज खणखणीत होता. मुजावरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. आणखी दोन दिवस गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बयाक्का रत्नाच्या खाटेशी बसली होती. कालपासून पोटात नुसता चहा होता. छातीत जळत होतं. तिनं कनवटीची पुडी सोडली आणि पाण्याचा पेला जवळ ओढला. तेवढ्यात मुजावरबाई फेरीवर आल्या.

"काय घेताय, आजी?"

"काय न्हाई" हे शब्द बयाक्काच्या ओठांवर आले होते. इतक्यात तिची नजर रत्नाकडं गेली. रत्ना उशीवरून तिच्याकडंच बघत होती.

बयाक्कानं पेला खाली ठेवला.

"बाई, आठ वर्सं झाली," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. आंबट पाणी सांगितलं, करपट ढेकरा सांगितल्या, बसून झोपणं सांगितलं. मशेरी सांगितली. घास अडकतो हेही सांगितलं. शेवटी बहिणीचं नाव घेतलं आणि पदर तोंडाला लावून ती रडली.

तिचं रडणं थांबल्यावर मुजावरबाई म्हणाल्या, "घास अडकतो हे सांगितलंत ते फार बरं केलंत. आता तोंडावाटे नळी घालून आत बघावं लागेल. बघितल्याशिवाय मी तुम्हाला 'काही नाही' म्हणून परत पाठवणार नाही."

तपासणी झाली. तपासायला आतला लहानसा तुकडाही काढला. त्याचा निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बयाक्कानं शेवंताला सगळं सांगून टाकलं. शेवंता फक्त म्हणाली, "म्या येते संगं." आणि निकालाच्या दिवशी ती गेली.

बहिणीचा आजार नव्हता. अन्ननळीला आतून जखमा झाल्या होत्या.

मुजावरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "अन्ननळी जिथं जठराला मिळते, तिथं एक झडप असते. तुमची सैल पडलीय. पोटातलं आम्ल वर येतं आणि नळी भाजते. खोकला त्याचाच, आवाज बसतो तोही त्यामुळंच. सोड्यानं घटकाभर आग विझल्यासारखी वाटते. आतलं भाजणं चालूच राहतं."

"मग गोळी द्या, बाई. रोज खाईन."

"गोळी देते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्ध्या तासानं खायचं. पण एकट्या गोळीवर भागणार नाही. एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. तिखट, तेलकट, चहा, सगळं कमी करा. आणि मशेरी बंद."

"मशेरी बी?"

"सगळ्यात आधी मशेरी."

बयाक्का हसली, पण ते हसणं रडवेलं होतं. "बाई, मालक गेलं तवाबी मशेरी संगं हुती."

"ठाऊक आहे," मुजावरबाई म्हणाल्या. "म्हणूनच ते तुम्हाला अवघड जाणार. एका दिवसात जमलं नाही तर मला येऊन सांगा. दडवू नका."

खाटेखाली विटा आल्या. शेवंता सासूसाठी दुधीची, पडवळाची भाजी बिनतिखटाची करू लागली. मशेरी सोडल्यावरचे पहिले चार दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, हात उगाच मशेरीची डबी शोधायचा. बयाक्का वासरावर ओरडली, भांड्यांवर ओरडली, शेवंतावर तर दिवसातून तीनदा ओरडली. शेवंता तिच्या हातावर बडीशेप ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची.

तीन आठवड्यांनी बयाक्का दोन वर्षांत पहिल्यांदा अंग पसरून झोपली. सकाळी तिचा आवाज मोकळा होता. "मी बरी झाले," तिनं जाहीर केलं. गोळ्या फडताळात गेल्या.

मुलगी चणीनं लहान म्हणून पुढं ढकललेलं रत्नाच्या मुलीचं बारसं त्याच आठवड्यात आलं. मटणाचा तांबडा रस्सा, वर तळलेल्या पुऱ्या. बयाक्का मानाची पाहुणी. तिनं दोनदा रस्सा घेतला. नंतर कुणीतरी मशेरीची डबी पुढं केली, तीही घेतली. दिवस मावळेपर्यंत छातीत पुन्हा वणवा पेटला.

ती खाटेच्या कडेला मान खाली घालून बसली. "माझ्यानं न्हाई व्हायचं हे," ती म्हणाली. "उगा तुला तरास."

शेवंता तिच्याशेजारी टेकली. "आत्याबाई, बाळंतीण एक दिस कुपथ्य करती. म्हणून तुमी तिला सोडून देता का?"

"न्हाई."

"मग काय करता?"

"दुसऱ्या दिशी परत पथ्य सुरू करते."

"मग झालं तर," शेवंता म्हणाली आणि फडताळातल्या गोळ्या काढून उशाशी ठेवल्या.

बयाक्कानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तालुक्याला जाऊन तिनं आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. मुजावरबाई रागावल्या नाहीत. "हे एकदा बरं होऊन विसरायचं दुखणं नाही, आजी. हे रोज सांभाळायचं. आणि गोळी कधी कमी करायची, कधी थांबवायची, ते मला विचारून ठरवायचं," एवढंच म्हणाल्या.

पुढं सुतारांच्या घरी मुलगा झाला. बयाक्कापुढं नेहमीसारखं शिगोशीग ताट आलं. "न्हाई म्हणू नगा, अक्का. आमाला वाईट वाटंल," घरातली म्हातारी म्हणाली.

भरल्या घरासमोर बयाक्का म्हणाली, "माझी अन्ननळी आतनं भाजलीया. मला तिखट चालत न्हाई. अर्धी भाकरी आन वरण वाढा."

मग म्हातारी उठली आणि वरण घेऊन आली. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाला वाईट वाटलं नाही. बयाक्का सावकाश जेवली आणि मग अंगणात शतपावली घालत राहिली. इतक्या वर्षांची भीड एका वाक्यात मोडली, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

जळजळ कायमची गेली असं नाही. कधीमधी डोकं वर काढायची. पण आता ती कशानं आली हे बयाक्काला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती तेवढं सांभाळायची. घास अडकायचा थांबला.

एकदा दिवस मावळायच्या आधीच ती ओसरीवर जेवायला बसली होती. शेजारची सोनाबाई रिकामी घागर घेऊन चालली होती. ती थबकली. "एवढ्या लौकर जेवताय, अक्का?"

बयाक्कानं कारण सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

सोनाबाईनं घागर खाली ठेवली. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "अक्का, माझं बी एक दुखणं हाय. दोन वर्सं झाली. कुणालाच बोलले न्हाई."

बयाक्कानं ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि आपल्या शेजारी तिला बसायला जागा केली.

तात्पर्य: दाबून ठेवलेलं दुखणं बरं होत नाही, ते आत वाढत राहतं. म्हणून ते वेळेवर सांगावं, आणि कळल्यावर न कंटाळता रोज सांभाळावं. आपण आपलं दुखणं लपवलं तर इतर माणसंही लपवायला शिकतात; आपण सांगितलं, तर त्यांनाही सांगायचं बळ येतं.