नखुली आणि हातभर उरलेली फळी

ऐका हं, हळूच सांगतो. पिल्लू निजलंय.

एक होती उंदरी. तिचं नाव नखुली. तिला एक पिल्लू होतं. केवढं? शेंगदाण्याएवढं. नाही, जरा मोठं. दोन शेंगदाण्यांएवढं. त्याचं नाव दाणू.

नखुलीचं घर नाटकघराच्या जमिनीखाली. जमीन सागाच्या फळ्यांची. वर माणसं नाचायची, धप् धप्. खाली दाणू झोपायचा, गुडुप्प.

एक दिवस जमीन उखडली. खाड् खाड् खाड्! फळ्या गेल्या. घर गेलं.

फळ्या गेल्या भिवा सुताराकडे. नखुली गेली फळ्यांच्या मागे. आधी दाणूला नेलं. मग त्याचं अंथरूण नेलं, सुताराच्या खोलीच्या कोपऱ्यात. अंथरूण म्हणजे लाकडाचे छिलके. पातळ पातळ, गोल गोल. तेवढेच उरले होते.

भिवानं जुन्या फळ्यांची बाकं केली. चौरंग केले. एक फळी उरली. हातभर. तिच्यात एक खिळा. वाकडा.

थंडी पडली. दाणू कुडकुड कुडकुड. दाराशी आला बोका. शेपटी सप्प... सप्प...

नखुली गेली सुताराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सुतारमामा, सुतारमामा, उरल्या फळीचं घर करा ना. माझा दाणू गारठला, दाराशी बोका बसला."

सुतार म्हणाला, "करतो की! पण फळीत खिळा आहे ना, बाई. खिळ्यावर करवतीचे दात पडतात. आधी खिळा काढ."

नखुली गेली पकडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पक्कडताई, पक्कडताई, खिळा काढ ना. सुतार कापेना. माझा दाणू गारठला, दाराशी बोका बसला."

पक्कड दातांतूनच बोलली, "उं उं! गंज चढलाय मला. तोंड उघडत नाही. आधी तेल आण."

नखुली गेली खोबरेलाच्या बाटलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाटलीआत्या, बाटलीआत्या, तेल दे ना. पक्कड उघडेना, सुतार कापेना. माझा दाणू गारठला, दाराशी बोका बसला."

बाटली म्हणाली, "कसलं तेल? थंडीनं थिजलंय सगळं. पोटात दगड झालाय नुसता. आधी ऊब आण."

नखुली गेली शेगडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेगडीकाकू, शेगडीकाकू, ऊब दे ना. तेल वितळेना, पक्कड उघडेना, सुतार कापेना. माझा दाणू गारठला, दाराशी बोका बसला."

शेगडी म्हणाली, "एकच निखारा उरलाय, तोही डोळे मिटतोय. ती फळी आण. जाळते."

नखुली दचकली. "फळी नको, काकू! फळीचं तर घर व्हायचंय."

"मग छिलके आण. रंध्याकडे माग."

रंधा म्हणजे फळी तासायचं हत्यार. नखुली गेली रंध्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रंधादादा, रंधादादा, छिलके दे ना. शेगडी पेटेना, तेल वितळेना, पक्कड उघडेना, सुतार कापेना. माझा दाणू गारठला, दाराशी बोका बसला."

रंधा म्हणाला, "सुतार फळी कापणार. मग मी तासणार. मग छिलके पडणार. कापली का फळी?"

"नाही."

"मग कुठले छिलके?"

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

नखुली मागे फिरली. तुरुतुरु नाही. हळू... हळू...

दाणू आता कुडकुडत नव्हता. गप्प पडला होता. नाक गार. पाय गार. बोका एक पाऊल आत आला. सप्प... सप्प...

नखुलीनं पाहिलं. दाणूच्या अंगाखाली काय होतं? छिलके. जुन्या घरातले. तेवढेच.

तिनं दाणूकडे पाहिलं. तिनं शेगडीकडे पाहिलं.

"थांब हं, बाळा," ती म्हणाली. तिनं अंथरूण ओढलं. दाणू उघड्या फरशीवर.

नखुली धावली. तुरुतुरुतुरुतुरु!

छिलके पडले, शेगडी पेटली. भस्स!
शेगडी पेटली, तेल वितळलं. टुप्प!
तेल वितळलं, पक्कड उघडली. आ...!
पक्कड उघडली, खिळा निघाला. खट्टाक्!

सुतारानं करवत घेतली. इतक्यात त्याला फरशीवर दाणू दिसला.

"अगं, अंथरूण जाळलंस होय?"

सुतार भराभरा कापू लागला. खर्र खुर्र, खर्र खुर्र.

रंधा चालला, सर्र सर्र. छिलके पडले, नवे नवे.

फळीच्या एका काठाला पुढे आलेली जीभ होती. दुसऱ्या काठाला खाच होती. जीभ खाचेत गेली. टक्क! टक्क! टक्क! एकही खिळा लागला नाही. झालं घर. घराला भोक, नखुलीएवढं.

आत नवे छिलके. छिलक्यांत दाणू. पण दाणू हलेना.

नखुली त्याच्याभोवती गोल झाली. नाकाला नाक लावलं. थांबली. खूप वेळ थांबली.

मग एक श्वास. मग आणखी एक.

"कुई!"

बोका आला. सप्प! भोकाशी पंजा नेला. पंजा शिरेना. ढकलून पाहिलं. फळी हलेना. रागानं घरावरच चढला. नाचला. धप् धप्. धप् धप्.

वर बोका, धप् धप्.

खाली दाणू, गुडुप्प.

अजून बोका तिथंच आहे. अजून फळी पक्की आहे.