सतरा नंबरचं सीताफळ

“…मग माझं चुकलं कुठं, बुवा? फळ टिकवलं, हे चुकलं?”

टेकडीवरच्या मठीत, ओसरीवर बसून केरूबुवा वाती वळत होते. समोर भालचंद्र. वडिलांचा, आबांचा, दहावा उरकून, मुंडण केलेल्या डोक्यानं तो थेट इथं आला होता.

भालचंद्र फळांचा डॉक्टर. माणसांचा नव्हे, हे गावाला कळायला वर्ष लागलं. हुशार खरा, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. पहिली अक्षरं मात्र त्यानं याच ओसरीवर गिरवली होती.

त्यानं पिशवीतून एक सीताफळ काढून बुवांपुढं ठेवलं. देठाला चिठ्ठी बांधलेली होती: सतरा.

“तोडून चौदा दिवस झाले. एरवी सीताफळ तिसऱ्या दिवशी पिकतं, पाचव्या दिवशी नासतं. मी कॅल्शियमच्या पाण्यात बुडवून थंड खोलीत ठेवलं. बघा, एक डाग नाही.”

बुवांनी फळ हातात घेतलं. अंगठ्यानं हलकेच दाबलं.

“चांगलं केलंस.”

“आबांनी मागितलं होतं…”

बुवांनी मान वर केली.

“अंथरुणावरच होते. बांधावरच्या झाडाची चाळीस फळं मी तोडून आणली, ती त्यांनी खाटेवरून पाहिली. झाड त्यांनीच लावलेलं. म्हणाले, भाल्या, एक माझ्यासाठी पिकत घाल. मी तीस बुडवली.”

“आणि दहा?”

“ती तशीच ठेवली. न बुडवता. तुलना करायला लागतात ना…”

“पिकली?”

“तिसऱ्या दिवशी. घरभर वास सुटला. आबांनी पुन्हा विचारलं.”

“मग?”

“ती कधी नासतात, ते मला लिहून घ्यायचं होतं.”

खाली कुणीतरी गुरांना हाकत होतं.

“पाचव्या दिवशी नासली. त्याच सकाळी आबा गेले. आणि बुवा… मी आधी वहीत नोंद केली. मग बाहेर येऊन रडलो.”

तो आताही रडला. लहानपणी पाटी फुटल्यावर रडायचा, तसाच, नाक ओढत. बुवांनी त्याला रडू दिलं. आबा बुवांचेही जुने सोबती.

“काहीही सांगा,” तो डोळे पुसत म्हणाला. “उपास सांगा, दान सांगा. पण ही बोच जात नाही.”

बुवा फळ न्याहाळत होते.

“पायथ्याच्या सगुणाबाईला आठ दिवस झाले, अन्न जात नाही. काल निरोप पाठवला होता तिनं. सीताफळ खावंसं वाटतंय म्हणे… हे तिला देऊ?”

भालचंद्राचा हात पुढं आला. फळावर येऊन थांबला.

“देऊ ना. नक्की देऊ. फक्त… वीस दिवसांचा प्रयोग आहे, बुवा. सहाच दिवस राहिलेत.”

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. वाईट वाटून.

मग त्यांनी सीताफळ त्याच्या ओंजळीत ठेवलं, चिठ्ठी नीट वर येईल असं.

“जा तर. वाटेत तिचं घर लागतं. थांबता का सहा दिवस, एवढं तिला विचारून जा.”