तुरंगाईच्या माळावर ढेकळं का मारतात

थांबा बाई, आधी ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा. दर चैत्रात पाहुणे येतात आणि हेच विचारतात. ज्या घोड्यांना तुम्ही तुरंगाई देवीची लेकरं म्हणता, त्यांच्या नव्या शिंगरांना ढेकळं कशी मारता? लहानपणी मीही असाच गोंधळलो होतो. खरं सांगायचं तर अजून पुरता सावरलेलो नाही.

ही समोरची देवराई आणि तिच्यामागचा माळ पूर्वी राखण्यांकडे होता. राखणे म्हणजे आमचे पूर्वज. त्यांचं व्रत मोठं कडक होतं म्हणे. हिरवी फांदी मोडायची नाही, शस्त्र धरायचं नाही, माळावरच्या मोकळ्या घोड्यांवर बसायचं नाही की हात उगारायचा नाही. पिढ्यान् पिढ्या असं चाललं आणि घोडे माणसाला भिईनासे झाले. कुणीही हात पुढे केला की हुंगायला येत. आमच्या लोकांना त्याचं कोण कौतुक! त्यात काही चुकतंय हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग एका सरदाराला लढाईसाठी घोडे हवे झाले. त्याचे शिपाई दोरखंड घेऊन आले, पण ते फेकायची वेळच आली नाही. मूठभर दाणे दाखवले की घोडा आपण होऊन पुढे. संध्याकाळपर्यंत अर्धा कळप गेला. उरलेले उद्या नेऊ म्हणून शिपाई पायथ्याशी मुक्कामाला उतरले.

राखण्यांना काही सुचेना. लढावं तर व्रत मोडतं, गप्प बसावं तर माळ ओस पडतो. कुणी म्हणे देवीला कौल लावू, कुणी म्हणे सरदाराचे पाय धरू. तेव्हा मैनाई उठली, राखण्यांमधली सगळ्यांत थोरली बाई. ती एवढंच बोलली असं सांगतात, "आपन यास्नी मानसाचं भ्या कधी शिकवलंच न्हाई. आता शिकवायचं."

आणि तिने पहिलं ढेकूळ उचललं.

घोड्यांना काही कळेना. खायला टाकलं असेल म्हणून ते आणखी जवळ येत, मातीला नाक लावत. मारणारे रडत होते, मुद्दाम नेम चुकवत होते. एक घोडी मैनाईने शेळीच्या दुधावर जगवलेली होती. ती तर येऊन तिच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली. मैनाईने ढकललं, ती परत आली. शेवटी मैनाईने दगड उचलला आणि तिच्या तोंडावर मारला.

घोडी उधळली, तिच्यामागे सारा कळप मागच्या घळींत उतरला. सकाळी शिपायांनी दाणे दाखवून पाहिले, एकही घोडा फिरकला नाही. कंटाळून ते निघून गेले.

पुढे एकदा ओढ्यावर मैनाईला ती घोडी दिसली. सवयीने तिने हात पुढे केला, तशी घोडी पळाली. बरोबरचे खूश झाले, म्हणाले, जमलं.

"व्हय, जमलं," मैनाई म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिला घरी उचलून आणावं लागलं म्हणे.

आजही शिंगरू पळालं की गावात गोडधोड होतं. ज्याने मारलं त्याला मात्र त्या दिवशी कुणी जेवायला बोलवत नाही. यंदा पाळी माझी होती. शिंगरू पळालं, बरं झालं. पण पळण्याआधी ते किती वेळ माझ्याकडेच बघत राहिलं. बोलावलं असतं, तरी घास उतरला नसता बाई.