राजोपाध्येकाकूंचा पाळणा

"गिरिजाचं तर तिशीतच सगळं बंद पडलंय म्हणे, आता ती..." जिन्यात एवढंच कानी आलं आणि शैलाताईंचा जीव पुढच्या वाक्यासाठी तळमळला.

ते वाक्य त्यांच्याच हळदीकुंकवात आलं. त्या गिरिजाची ओटी भरायला वाकल्या, तोच सोसायटीच्या महाराणी राजोपाध्येकाकू कडाडल्या, "अगं, पाळी गेलीय तिची! मूल व्हायचं नाही, मग ओटी कशाला?"

शैलाताईंच्या हातातला नारळ अधांतरी राहिला. गिरिजाचे डोळे भरले, पण पसरलेला पदर तिने आवरला नाही.

"खरंय काकू," गिरिजा म्हणाली. "पण तुमची तर केव्हाच गेली, तरी आत्ताच ओटी भरून घेतलीत. पाळणा कधी आणू?"

बायका पोट धरून हसल्या. शैलाताईंनी नारळावर मूठभर तांदूळ जास्तच घातले. सगळं बंद पडल्याची बातमी अर्धीच खरी होती. पोरीचं तोंड झकास चालू होतं.