वरचं प्लास्टिक

“सत्तावीस इंची ठेवू की बत्तीस इंची आणू, आक्का?”

हा प्रश्न सोनटक्के सरांनी टेकडीवरच्या मठीच्या उंबऱ्यावर बसून विचारला. पाय बाहेरच्या पायरीवर होते आणि पायांत नाडीचे बूट होते.

आक्का आत वालाच्या शेंगा सोलत होत्या.

“काय ठेवायचंय?”

“मॉनिटर. घरच्या कॉम्प्युटरचा पडदा. जुन्या पोथ्यांचे फोटो मिळालेत, ते घरी बसून वाचायचेत.”

“मग वाच की.”

“अक्षर स्वच्छ दिसत नाही. पहिला आणला, तो धुरकट. बदलून दुसरा आणला, तोही धुरकट. हा तिसरा...”

“हाही धुरकट?”

“कंपन्यांनी दर्जाच सोडलाय,” सर म्हणाले.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मॉनिटर या विषयात त्यांचा अभ्यास इतका झाला होता की ते येताना दिसले की दुकानदार चहाला निघून जायचा. तिसऱ्या मॉनिटरचा खोका आत्ता बाहेर स्कूटरला बांधलेला होता.

“परत करायचा आज शेवटचा दिवस आहे. दुकान सहाला बंद होतं. म्हटलं, वाटेत इथलंही काम उरकून घ्यावं.”

“इथलं कसलं काम?”

“अनुग्रहाचं. वर्ष झालं मागतोय, आक्का. तुम्ही काही देत नाही.”

इथे सरांचा आवाज खाली आला. हे ते अगदी मनापासून बोलले. वडील गेल्यापासून त्यांना कुठेच स्वस्थ बसवत नव्हतं. आक्कांच्या दारात तेवढं बरं वाटायचं.

“मी दर खेपेला आत ये म्हणते, उद्धवा.”

“नाड्या सोडायच्या, पुन्हा बांधायच्या... वेळ जातो.”

आक्कांनी एक शेंग सोलली.

“माझ्याआधी कुणाकडे जायचास?”

“एक महाराज होते. चांगले होते, पण प्रवचन लांबायचं. दुसरे पहाटे फार लवकर उठवायचे. तिसऱ्यांचा आवाज जरा बारीक होता.”

“आणि मी?”

“तुमचं अजून... बघतोय.”

आक्का हसल्या. दात थोडेच उरले होते, पण हसणं भरपूर होतं.

“आण तो पडदा. बघू दे मलाही.”

सरांनी खोका सोडून आणला, मॉनिटर बाहेर काढला आणि उंबऱ्यावर उभा धरला. स्वतः पायरीवरच उभे राहिले. आक्का उठून आल्या. त्यांनी पडद्यावरून बोट फिरवलं. बोट सुरकुतीत अडकलं.

“हे वर काय आहे?”

“प्लास्टिक. संरक्षणासाठी असतं.”

“ठेवूनच वाचतोस?”

“काढलं तर दुकानदार माल परत घेत नाही. नियमच आहे तसा.”

“...आधीच्या दोन्हींवरचं काढलं होतंस?”

“काढलं असतं तर परत कसे दिले असते?” सर म्हणाले. एवढी साधी गोष्ट समजावून सांगावी लागते, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

“टीव्हीच्या रिमोटवरचं?”

“आहे.”

“गाडीच्या सीटवरचं?”

“आहे.”

“लग्नात सासऱ्यांनी घड्याळ दिलं असेल.”

“...काचेवरचं आहे. मागचं आपोआप निघालं.” सरांनी मनगट पाठीमागे घेतलं. त्यांची मुलगी कॉलेजात होती.

“आणि मी दिलेली जपमाळ?”

सरांनी अभिमानाने खिशातून एक छोटी पिशवी काढली. तिला चिकटपट्टी लावलेली होती. आत माळ जशीच्या तशी होती.

“एक मणी खराब होऊ दिला नाही, आक्का.”

आक्कांनी पिशवीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

त्यांनी वाकून मॉनिटरच्या कोपऱ्याला नख लावलं. शेंगा सोलून नख तयारच होतं. सर्रकन आवाज झाला आणि अख्खं प्लास्टिक त्यांच्या हातात आलं.

“आक्का... अहो, काय केलंत हे...”

आक्कांनी प्लास्टिकचा बोळा केला आणि शेंगांच्या टरफलांत टाकला.

“आता दुकानदार हा परत घेणार नाही,” सर म्हणाले. “सहा वाजेपर्यंत वेळ होता. अजून वेळ होता.”

पडदा बंदच होता. तरी काळ्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. मिशीत पांढरे केस आले होते, तेही दिसत होते. हे त्यांना घरी कधी दिसले नव्हते. सर बघतच राहिले.

आक्का पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसल्या.

“परतीचं तर गेलं,” सर म्हणाले. “आता... मी काय करू?”

आक्कांनी उंबऱ्याबाहेर, त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“बूट काढ.”