उत्तर न सांगणारा येसोबा गुरव

फार वर्षं झाली. डोंगराच्या कुशीतल्या वेळूशेत गावात येसोबा गुरव राहायचा. देवळाची झाडलोट उरकली की तो ओवरीत गावची लहान पोरं शिकवायचा. त्यानं जन्मात कुणाला उत्तर सांगितलं नाही, असं म्हणतात. पोरांनी काही विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "जा, बघून ये."

गाव खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, तेलावर जगायचं. एके साली खुरासणी पिवळीधमक फुलली, पण बोंडांत दाणाच भरला नाही. दुसऱ्या साली तेच. त्याच सुमाराला तुळसा नावाच्या विधवेनं नवरा गेल्यावर पेरणीला स्वतः तिफण धरली होती. गाव म्हणालं, बाईनं तिफण धरली म्हणून माती रुसली. हैबती पाटलांनी सांगून टाकलं, "यंदा बोंडं पोकळ निघाली, तर तुळसानं गाव सोडायचं."

येसोबा उभा राहिला. "पाटील, माझी पोरं कारण शोधतील. नाही सापडलं, तर तिच्याबरोबर मीही निघेन."

लोक हसले. पोरं होती सहा-सात वर्षांची!

येसोबानं एकेका पोराला एकेक वावर बघायला वाटून दिलं. पोरांनी लवकर धरलेली बोंडं आणली आणि ओवरीत शिवारातल्या जागेप्रमाणं मांडली. सगळी पोकळ. फक्त कड्याखालच्या पाटलांच्या वावरातली भरलेली. पाटील म्हणायचे, ती आपली पुण्याई.

"गुरवकाका, असं का?" त्यांतल्या चिंगीनं विचारलं.

"जा, बघून ये."

चिंगी सकाळपासून दुपारपर्यंत पाटलांच्या वावरात बसून राहिली. परत आली आणि म्हणाली, "तिथं माश्या गुणगुणतात. आमचं वावर गप्प आहे."

मग पोरं घरोघरी म्हाताऱ्यांना विचारत फिरली. तेव्हा कळलं, पहिलं पीक बुडायच्या आधी जत्रेत मधमाश्या उठल्या होत्या, म्हणून गावानं झाडांवरची सगळी पोळी जाळली होती. कड्यावरचं तेवढं हाताला लागलं नव्हतं.

"सापडलं!" पोरं ओरडली.

"नक्की?" येसोबानं विचारलं.

चिंगी विचार करत बसली. मग तिनं आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या आणि पाटलांच्याच वावरातल्या काही कळ्या झाकून बांधल्या, माशी शिरणार नाही अशा. वाऱ्यानं चिंध्या उडाल्या, पोरांनी पुन्हा बांधल्या. शेळीनं एक झाड खाल्लं, पोरांनी दुसरं झाकलं. लोक टिंगल करायचे, पण पोरं हटली नाहीत.

पंच बसले त्या दिवशी तुळसा गाठोडं घेऊनच आली होती. चिंगीनं पाटलांच्या एका तळहातावर उघडं बोंड ठेवलं, दुसऱ्यावर झाकलेलं. "चोळून बघा, आजोबा." पाटलांनी चोळलं. एका हातात काळे टपोरे दाणे, दुसऱ्यात नुसतं फोलपट. वावर एकच, माती एकच, पेरणाराही एकच.

पाटलांनी दोन्ही तळहात पंचांपुढं धरले. "तुळसा, गाठोडं खाली ठेव पोरी," ते म्हणाले. "चूक आमच्या धुराची होती."

त्यानंतर गावात कुणी पोळं जाळलं नाही. पुढच्या साली माश्या कड्यावरून उतरल्या आणि आधी येसोबाच्या डोक्यावर सोन्याच्या फेट्यासारख्या बसल्या. एकही डसली नाही. त्यांची गुणगुण सात गावांत ऐकू गेली, असं म्हणतात.

आजही खुरासणी फुलली की वेळूशेतात येसोबाचा दिवस पाळतात. शाळेतली सगळ्यांत लहान पोरं शिवारात पुढं चालतात, मोठी माणसं मागं. पोरानं काही विचारलं तर मोठ्या माणसानं उत्तर द्यायचं नाही, पोराचा हात धरून बघायला जायचं. एका साली एका पोरीनं विचारलं होतं, ओढा सुरू कुठून होतो? अख्खं गाव तिच्यामागं डोंगर चढलं. त्या दिवशी वेळूशेतात एकही चूल पेटली नाही आणि कुणी कुरकुरलंही नाही, असं म्हणतात.