महागेंड्याची सखोल चाचणी

एका जंगलात लोकशाही होती. राजा सिंहच असे, पण तो दर पाच वर्षांनी रीतसर निवडून येई. जंगलाच्या कडेला नदी होती आणि पलीकडच्या कुरणात लांडगे ठाण मांडून बसले होते. कुरण मुळात मुंगसांचं. ते परत घ्यायला मुंगसांची पलटण दर हिवाळ्यात पायी जाई, आणि गेलेली सगळी परत येत नसत. शेवटी राजानं ठरवलं, पायदळाला चाकांची चिलखती गाडी द्यायची.

गाडी निवडायला तज्ज्ञ हवा होता. निवृत्त सेनापती कंटकराव साळिंदर रोज संध्याकाळी पोपटांच्या वाहिनीवर युद्धाबद्दल बोलत. बोलताना त्यांचे काटे उभे राहत, म्हणून त्यांना सगळं कळतं असा सर्वांचा समज होता. खरं तर त्यांची उभी नोकरी कोठारात कंदांच्या रांगा लावण्यात गेली होती, आणि चिलखती गाडीत ते कधी बसलेही नव्हते. नेमणुकीचा हार गळ्यात पडला तेव्हा त्यांनाच हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

मैदानात तीन गाड्या उभ्या होत्या. दाखवायला पलटणीची हवालदार चिमाबाई मुंगसे आली होती. रस्त्यावर तिन्ही गाड्या सुसाट धावल्या.

“चाकांचा हाच गुण,” कंटकराव म्हणाले. “वेग भरपूर, आवाज कमी, लांब पल्ल्याला बिघाडही थोडे.”

“पण साहेब, कुरणापर्यंत रस्ता कुठंय? तिथं चिखल आहे.”

कंटकरावांनी विषय बदलला आणि ते पहिल्या गाडीकडे वळले. तिचं चिलखत गेंड्याच्या कातडीसारखं. आतल्याला ओरखडा उठणार नाही, पण ओल्या मातीत ती जागीच रुतली. दुसरी हलकी, बदकासारखी पोहणारी. कंटकराव तिला ऐटीत टेकले आणि त्यांचा काटा आरपार गेला. तिसरीवर थोरली तोफ होती. तोफेचा पसारा आत इतका की बसायला जागा दोघांनाच.

“गाडी पायदळाची, आणि पायदळ मागून पळणार?” चिमाबाईनं विचारलं.

कंटकरावांनी तलवारकट मिशा सारख्या केल्या. मग जे त्यांना कधीच सुचलं नव्हतं ते त्यांनी केलं. विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

“दार मागच्या बाजूला. उतरताना लांडग्याच्या तोंडात उतरायला नको. आणि गाडी नदीत बुडू नये. बाकी तिला शिंगं लावा नाहीतर शेपूट.”

कंटकरावांनी पोहणारी गाडी सुचवली, बाजू जरा जाड करून. संरक्षणमंत्री तरस हसले. ते कशालाही हसत.

“एकच निवडली तर बाकीचे दोन कारखानदार रुसतील. तिन्हींमधलं उत्तम ते एकत्र करू!”

गेंड्याचं चिलखत, थोरली तोफ आणि खाली हलक्या गाडीची चाकं. नाव ठेवलं महागेंडा. ‘हे चालणार नाही’ म्हणायला कंटकरावांनी तोंड उघडलं, पण समोर पोपट आले आणि सवयीनं तोंडातून निघालं, “हा गेमचेंजर आहे.”

चाचणीच्या दिवशी काठावर बँड वाजत होता. तरस गरजले, “बंधूंनो आणि भगिनींनो! आजवर आपण नदी ओलांडत होतो. आता नदी आपल्याला ओलांडेल!” कुणालाच काही कळलं नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

लाजेखातर कंटकरावही चिमाबाईबरोबर आत बसले. महागेंडा दिमाखात पाण्यात शिरला आणि त्याच दिमाखात तळाशी गेला. वरच्या झडपेत कंटकरावांचे काटे अडकले. चिमाबाईनं खालून डोकं लावून त्यांना बाहेर ढकललं आणि मानेला धरून काठावर ओढलं. पलीकडे दोन लांडगे पाहत बसले होते. त्यांनी हल्ला केला नाही. गरजच पडली नाही.

कंटकराव निथळत्या अंगानं दरबारात गेले. “बुडते, महाराज!”

“शत्रूला बुडवते, असं साहेब म्हणताहेत,” तरस म्हणाले.

“अहो, तळाला जाते ती!”

“प्रश्नाच्या तळाशी जाते.”

दरबार उभा राहिला. कंटकरावांना पदक मिळालं. ते नाकारायला त्यांनी हात वर केला, तर सगळ्यांना वाटलं ते अभिवादन स्वीकारताहेत. त्याच बैठकीत नदीला ‘ओला रस्ता’ घोषित करण्यात आलं, म्हणजे गाडी रस्त्यावर उत्तम चालते हा निष्कर्ष कायम राहिला. आणखी महागेंडे मागवले.

काठावर चिमाबाई पलटण मोजत होती. पदकाकडे पाहून म्हणाली, “पुढच्या गाडीत माझी भाची बसणार आहे, साहेब.”

कंटकरावांना पाण्यात पडल्यावर वाटलं नव्हतं इतकं गार वाटलं. त्यांनी नदीकडे पाहिलं. बुडालेल्या गाडीचं टप पाण्याबाहेर होतं आणि त्यावर एक खंड्या कोरडा बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंत्र्यांना सांगितलं, “अजून सखोल चाचण्या लागतील. गाड्या रिकाम्या सोडायच्या. आणि जागा मी सांगेन ती.”

‘सखोल’ हा शब्द तरसांना फार आवडला. एकामागून एक महागेंडे पाण्यात गेले. कंटकराव काठावरून ओरडत होते, “जरा डावीकडे! हां, आता बुडू द्या!” कंदांच्या रांगा लावलेला हात होता तो, ओळ अगदी सरळ आली. पलीकडे लांडगे हसून हसून थकले आणि दुपारी झोपी गेले.

त्या दुपारी मुंगसं बुडालेल्या गाड्यांच्या टपांवरून पाय न भिजवता पलीकडे गेली. लांडगे जागे झाले तेव्हा कुरण गेलं होतं. पलटणीतलं एकही मुंगूस दगावलं नाही.

“चांगली आहे तुमची गाडी,” चिमाबाई म्हणाली. कंटकरावांना हसू आलं. त्यांनी पुन्हा खोकून घेतलं.

लवकरच निवडणूक लागली. महागेंड्यानं नदी जिंकली, असं राजानं सभेसभेत सांगितलं. विरोधी पक्षानं हा दावा कडाडून खोडून काढला. त्यांचं म्हणणं होतं की पहिली गाडी आमच्याच काळात बुडाली होती.